परतीचे भाडे

गेल्या उन्हाळ्यात कंधारजवळ, मन्याड नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात आम्ही एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. घर कोरडवाहू शेतकऱ्याचे. जमीन दोन एकर, तीही हलकी. थोरला मुलगा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेला. चहापाणी झाल्यावर त्याच्या वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून आमच्यापुढे ठेवले. ‘फादर, पोराला तेलाच्या कंपनीत काम लागलंय म्हणं. कागदात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.’

सहा पानांचा इंग्रजी करार होता. काम आखातातील एका तेल कंपनीचे, नेमणूक मात्र ठेकेदाराची. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय हे सारे ओळीने लिहिले होते. पाचव्या पानावर एक कलम होते. मुदत संपण्यापूर्वी कामगाराने काम सोडले तर परतीचे भाडे त्याचे त्याने द्यावे; मालकास गरज उरली नाही तर एका महिन्याच्या सूचनेवर त्याला काम संपवता येईल. मुलाला मिळवून देणाऱ्या एजंटाला दीड लाख रुपये द्यावयाचे होते आणि त्यासाठी जमीन गहाण पडणार होती.

ते कलम वाचताना आम्हांस आमच्या आजोळची एक पत्र्याची पेटी आठवली. आजोळ वसईचे. माळ्यावर ठेवलेल्या त्या पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने ‘आबादान’ असे लिहिलेले होते. आमच्या आईचे आजोबा तरुणपणी फिटर म्हणून इराणला गेले होते. पेटीत आता जपमाळेचे मणी आणि एक पिवळा पडलेला फोटो एवढेच उरले होते. त्या पिढीतील जे जे पुरुष खलाशी, बटलर, फिटर म्हणून समुद्रापार गेले, त्यांच्याविषयी आजी म्हणत असे, ‘जाताना भाडं साहेबाचं, येताना नशिबाचं.’ लहानपणी ते वाक्य आम्हांस गमतीचे वाटे. कंधारच्या त्या ओसरीवर बसून करार वाचताना त्याचा अर्थ कळला. म्हणून तेलाच्या गावी गेलेल्या आपल्या माणसांचा इतिहास थोडा तपशिलाने सांगावा, असे मनात आले.

दूरदेशीचा माणूस चाकरीस ठेवणे ही गोष्ट कंधारला नवी नाही. येथील भुईकोट किल्ल्यात अरबी-फारसी लिपीतील शिलालेख आजही दिसतात. हा किल्ला निजामशाहीच्या सरहद्दीवरचा. १६३१ साली तो मोगलांनी घेतला. निजामशाहीला तोफांचे काम जाणणारी माणसे हवी असत आणि त्यासाठी ती तुर्कस्तानापर्यंत नजर टाकत असे. विजापुरास आज असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफ मूळची अहमदनगरची. ती १५४९ साली ओतणाऱ्या कारागिराचे नाव रूमी खान. म्हणजे नावातच परदेश होता. पुढे आसफजाही अमलात अरबस्तानातील हद्रमौत भागातून आलेले अरब शिपाई पिढ्यान्पिढ्या निजामाच्या फौजेत राहिले. मराठवाड्यातील गढ्या-किल्ल्यांना, सावकारांच्या पेढ्यांना त्यांचा पहारा असे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर यांतील अनेक अरबांना एडनच्या वाटेने परत पाठवण्यात आले. काहींचा जन्म याच मातीत झालेला होता. चाकरी संपली तसा मुक्कामही संपला. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांतच वाट उलटी झाली आणि हैदराबाद-मराठवाड्यातील मुले अरबस्तानाकडे निघाली.

पण तेलाची वाट त्याही आधी मुंबईहून सुरू झाली होती, आणि ती प्रथम अरबस्तानात न जाता इराणात गेली.

२८ मे १९०१ रोजी इराणच्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज धनिकाला आपल्या बहुतेक साऱ्या देशात तेल शोधण्याचा परवाना साठ वर्षांसाठी दिला. त्या परवान्याचे बारावे कलम आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. कंपनीचे कामगार शहाचे प्रजाजन असावेत. अपवाद फक्त व्यवस्थापक, इंजिनिअर, विंधणकाम जाणणारे आणि फोरमन अशा तांत्रिक लोकांचा, असे त्यात म्हटले होते. सात वर्षे शोध चालला. पैसा संपत आला. रंगूनच्या तेलावर मोठी झालेली बर्मा ऑइल कंपनी मदतीस धावली नसती तर काम थांबलेच असते. २६ मे १९०८ रोजी मशीद-ए-सुलेमान येथे तेल उसळले. एप्रिल १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. शत्त-अल-अरब नदीच्या मुखाजवळील आबादान बेटावर महंमराच्या शेख खझलकडून जागा घेऊन कंपनीने शुद्धीकरण कारखाना बांधावयास काढला.

खजुरीच्या बागा, चिखल आणि उन्हाळ्यात अंग भाजून काढणारी हवा असे ते बेट. तेथे बॉयलर जोडणारा, नळ ओढणारा, लेथ चालवणारा, हिशेब लिहिणारा माणूस कोठून आणावयाचा? इंग्लंडहून आणावा तर पगार फार. इराणी शेतकरी व टोळीवाले अंगमेहनतीस मिळत, पण यंत्राची सवय त्यांना नव्हती आणि ती लावण्यास वेळ द्यावयाची कंपनीची तयारी नव्हती. भारतात मात्र अर्धशतकाच्या रेल्वेने, गिरण्यांनी आणि गोद्यांनी हातात पाना धरणारी एक पिढी तयार केली होती. बर्मा ऑइलच्या रंगूनजवळील कारखान्यात तेलाचेच काम केलेली माणसेही होती. शिवाय मुंबई-कराचीहून आखाताकडे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या टपालबोटी नियमित जात. मस्कत, बंदर अब्बास, बुशहर करीत त्या थेट महंमरा-बसऱ्यापर्यंत पोहोचत. त्या बाजूच्या बंदरांत रुपयाही चाले. तेव्हा कंपनीने मुंबई आणि कराचीत भरती सुरू केली.

साधारणतः दोन-तीन वर्षांचा करार, जाण्याचे भाडे कंपनीचे, राहण्यास बराक, मुदत पुरी केल्यास परतीचे भाडे, असा व्यवहार असे. फिटर, टर्नर, बॉयलरवाले, सुतार, गवंडी, ड्रायव्हर गेले. पंजाबातील शीख गेले, चितगावचे खलाशी गेले, रंगूनहून अनुभवी कामगार आले. गोव्याचे आणि मुंबई-वसईकडचे आपले लोक कारकून, स्वयंपाकी, बटलर म्हणून गेले, तसेच कारागीर म्हणूनही गेले. ‘तांत्रिक लोक’ या शब्दांचा अर्थ असा ताणला गेला की, बाराव्या कलमातील अपवाद हाच नियम झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत आबादान व तेलक्षेत्रात मिळून भारतीयांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली.

महायुद्धाचाही महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. १९१४ साली ब्रिटिश सरकारने २२ लाख पौंड घालून या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले, कारण आरमार कोळशावरून तेलावर जात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात तुर्कस्तानाशी युद्ध सुरू होताच फाओ येथे सैन्य उतरले. आबादानचे तेल सुरक्षित ठेवणे हे त्याचे एक मुख्य काम होते. ते सैन्य सहाव्या डिव्हिजनचे, म्हणजे पुणे डिव्हिजनचे होते. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. हीच डिव्हिजन पुढे कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी अवस्थेत शरण गेली. कोकणातील आणि देशावरील कित्येक घरांत ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ असे एक नाव असे. तेलाच्या विहिरीची राखण करावयास आपला शिपाई गेला आणि विहिरीवर काम करावयास आपला फिटर गेला.

आता आबादानची वस्ती कशी होती ते पाहू. ब्रेम नावाच्या भागात इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले, हिरवळ आणि क्लब. भारतीय कारकून व कारागीर यांच्यासाठी वेगळ्या चाळी. त्यांतील एका गल्लीला शिखांचेच नाव पडले. इराणी मजुरांपैकी फार मोठ्या संख्येला कंपनीची घरेच नव्हती. ते पत्रे, डबे, पुठ्ठे, मातीच्या भिंती यांच्या झोपड्यांत राहत. अशा एका वस्तीला लोक ‘कागझाबाद’ म्हणत, म्हणजे कागदाचे गाव. पगाराचेही असेच होते. सर्वांत वर इंग्रज, मध्ये भारतीय, खाली इराणी. आपला माणूस इंग्रजाच्या खाली होता ही गोष्ट आपण अभिमानभंगाने सांगतो. इराण्याच्या वर होता, ही गोष्ट मात्र आपल्या घरच्या आठवणींत बहुधा येत नाही. ती आली पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास या मधल्या पायरीवरून घडला आहे.

माणसे जेथे राहतात तेथे आपली खूण ठेवतात. रंगूनहून आलेल्या मुसलमान कामगारांनी आबादानला कारखान्याच्या कडेला नक्षीदार मशीद बांधली. ती ‘रंगूनींची मशीद’ म्हणून आजही उभी आहे. ‘पंखा’ हा आपला शब्द इराणच्या भाषेत ‘पंके’ होऊन बसला. आबादानच्या रस्त्यावर आजही तिखट ‘सांबुसे’ मिळतात. समोसा हा शब्द मुळात इराणातून इकडे आला होता. तिखट होऊन तो परत गेला असे म्हणावे. माणसांना मात्र या खाद्याइतके स्थिर होता आले नाही.

युद्ध संपले तेव्हा महागाई भयंकर वाढली होती. करार जुन्या भावाने केलेला, बाजार नव्या भावाचा. घरी पाठवावयास काही उरेना. डिसेंबर १९२० मध्ये आबादानच्या सुमारे तीन हजार भारतीय कामगारांनी काम बंद केले. पगारवाढ, कामाचे तास कमी करणे, जादा कामाचा वेगळा मोबदला, राहण्याच्या जागेची स्वच्छता आणि वरिष्ठांची वागणूक सुधारणे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आज त्या वाचल्या तर त्यांत बंडाचे काही दिसत नाही. इराणी कामगारही त्यांच्यात सामील झाले. वरची पायरी आणि खालची पायरी त्या दिवशी एका ओळीत उभी राहिली. कंपनी हबकली आणि पगारात ८० टक्क्यांपर्यंत वाढ देऊन तिने तंटा मिटवला.

दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, पुन्हा संप झाला. मागणी पगार दुप्पट करण्याची होती. या वेळी कंपनी सावध होती. तिने सुमारे दोन हजार भारतीयांना बोटींत बसवून परत पाठवले. तेलाच्या कंपनीने परदेशी कामगारांची केलेली ही पहिली मोठी कपात म्हणावी लागेल. कारखान्याच्या दारावर पोलीस आणून मारझोड करण्याची गरज नव्हती. गावातील कामगाराला कामावरून काढले तर तो गावातच राहतो, भावकीत बोलतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहतो. परदेशी कामगाराला काढले म्हणजे तो त्या देशातून नाहीसाच होतो. त्याची तक्रारही त्याच्याबरोबर बोटीत चढते. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या त्या माणसाचे म्हणणे आबादानात ऐकणारा कोणी उरत नाही.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. दूरचा माणूस केवळ कसबासाठी घेतला जात नाही. त्याला परत पाठवणे सोपे असते, हाही त्याचा एक गुण धरला जातो. पगार देताना तो गुण कोणी मोजत नाही, पण करार लिहिताना मोजतो.

तथापि येथे दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. तेल इराणचे होते. बाराव्या कलमाने काम इराणी माणसाला मिळावयाचे होते. वीस वर्षे झाली तरी त्याच्या हाती पाना आला नव्हता. आपल्या गावात उभ्या राहिलेल्या कारखान्यात परक्या देशाचा माणूस फोरमन, परक्या देशाचा माणूस कारकून आणि आपण पाटीवाले, हे कागझाबादच्या माणसाने किती दिवस सोसावे? मे १९२९ मध्ये आबादानच्या इराणी कामगारांनी मोठा संप केला. पुढे जागतिक मंदी आली, तेलाचा खप उतरला, आणि कामगारांची कपात झाली. इराणच्या तिजोरीत पडणारी रक्कमही घसरली. नोव्हेंबर १९३२ मध्ये रझा शहाने डार्सीचा परवानाच रद्द केला. एप्रिल १९३३ मध्ये नवा करार झाला. त्याच्या सोळाव्या कलमात कंपनीने मान्य केले की, अकुशल कामगार केवळ इराणीच असतील आणि इतर जागांवरील परदेशी माणसे वर्षागणिक कमी करून त्या जागी इराणी नेमले जातील. इराणी विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये शिकवण्यासाठी दरसाल १०,००० पौंड देण्याचेही ठरले. १९३९ साली आबादानला तंत्रशाळा निघाली.

त्या कलमातील ‘परदेशी’ म्हणजे कोण? कायद्याने इंग्रजही परदेशी होता. पण जागा रिकाम्या करावयाच्या तेव्हा सुरुवात मधल्या पायरीपासून झाली. इंग्रज इंजिनिअर स्वस्तात मिळत नव्हता आणि त्याच्या मागे सरकार उभे होते. भारतीय फिटर, ड्रायव्हर, कारकून यांच्या जागी इराणी माणूस शिकवून तयार करता येत होता. आपल्या माणसाच्या हाताखाली शिकलेला मुलगाच त्याच्या जागी बसला. त्यात त्या मुलाचा काय दोष? आणि आपल्या माणसाचा तरी कोणता? एकाला न्याय देताना दुसऱ्याच्या घरची चूल विझावी, अशी ती रचना मुळातच कंपनीने केलेली होती. दुसऱ्या महायुद्धात तेलाची निकड वाढली तेव्हा भारतीय कारागिरांना पुन्हा बोलावणे आले. ज्यांना परत पाठवले होते त्यांनाच पुन्हा हाक, असेही झाले असेल. आपल्याकडे माणूस बोलावणे आले की मागचे विसरून पेटी भरतो.

वरच्या पायरीचीही पाळी आली. १९५१ साली इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. मोसद्देग पंतप्रधान होते. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी आबादानमधील उरलेले ब्रिटिश कर्मचारी आपापल्या बॅगा घेऊन धक्क्यावर आले आणि ‘मॉरिशस’ या युद्धनौकेतून बसऱ्याकडे गेले. ज्या धक्क्यावरून १९२२ साली आपली माणसे परतली होती, त्याच नदीतून साहेबही गेला. फरक एवढाच की, साहेबासाठी युद्धनौका आली आणि त्याची बातमी जगभर छापली गेली.

तोवर तेलाचे केंद्र नदीच्या पलीकडे सरकले होते. बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागले, कुवेतमध्ये बर्गान येथे १९३८ साली आणि त्याच वर्षी सौदी अरेबियात दम्माम येथे. कुवेतची पहिली तेलबोट जून १९४६ मध्ये निघाली. कुवेत ऑइल कंपनीचा अर्धा हिस्सा त्या जुन्या अँग्लो-इराणी कंपनीचाच होता. तेव्हा माणसे घेण्याची रीतही तीच राहिली. कंपनीने वसवलेल्या अहमदी शहरात उत्तरेस इंग्रज-अमेरिकन अधिकारी, मध्ये भारतीय व पाकिस्तानी कारकून-कारागीर आणि दक्षिणेस अरब मजूर, अशी वस्ती होती. आबादानचा नकाशा जणू वाळूवर पुन्हा काढला होता.

या मधल्या वस्तीत आपले पुष्कळ लोक होते. गोवा, मुंबई, वसई, मंगळूर येथून गेलेल्या या कुटुंबांनी आपली श्रद्धाही बरोबर नेली. बहारीनमध्ये १९३९ साली चर्च उभे राहिले. अहमदीत आरंभी कंपनीच्या जागेत मिस्सा होई. १९५६ साली तेथे ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ हे चर्च बांधून झाले. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून, शुक्रवारच्या सुट्टीला रविवार मानून, ही मंडळी उपासनेस जमत. आपल्या अनेक धर्मग्रामांतील घंटा, वेदी आणि शाळेच्या खोल्या त्यांच्या पैशांतून आल्या आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. त्या काळी आखातात भारताचाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि पुढील काही वर्षांत इतरांनी आपापली नाणी आणली. मुंबईहून जाणाऱ्या जुन्या टपालबोटींपैकी शेवटची ‘द्वारका’ १९८२ साली बंद झाली. मग विमान आले. दिवसांचा प्रवास तासांवर आला. बोलावणे आणि परत पाठवणे दोन्ही सोपे झाले.

१९७३ साली तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि आखाताची दारे सताड उघडली. आता केवळ तेलकंपनीला नव्हे तर रस्ते, बंदरे, इस्पितळे बांधणाऱ्या ठेकेदारांना माणसे हवी होती. भरतीतील फसवणूक एवढी वाढली की, १९८३ साली उत्प्रवास कायदा करून भरती करणाऱ्या एजंटांची सरकारी नोंदणी सक्तीची करावी लागली. कंधार, नांदेड, लातूर या बाजूची मुले हैदराबाद-मुंबईच्या मार्गाने याच काळापासून जाऊ लागली.

त्यानंतरचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. एका रात्रीत पगार, बँकेतील शिल्लक, घरातील सामान सारे मागे राहिले. जॉर्डनच्या अम्मानहून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून आपली माणसे आणली. परत आलेल्यांची संख्या एक लाख सत्तर हजारांच्या आसपास होती. आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो. बऱ्याच घरांत त्या वर्षीचा नाताळ गाजावाजा न करता झाला. पुढे २०११ मध्ये सौदी अरेबियाने प्रत्येक आस्थापनेत स्वदेशी लोकांचे प्रमाण बांधून देणारी ‘निताकत’ योजना आणली. १९३३ च्या सोळाव्या कलमाची ती नातच होय. २०१४ च्या मध्यास पिंपाला ११० डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली गेले. मोठ्या कंपन्यांनी माणसे कमी केली, सरकारांनी ठेकेदारांची देणी थांबवली, आणि त्या उन्हाळ्यात सौदीमधील हजारो भारतीय कामगार महिनोन्महिने पगारावाचून छावण्यांत अडकून पडले. त्यांना आणण्यासाठी परराष्ट्र राज्यमंत्र्यांना जेद्दाला जावे लागले. २०२० च्या साथीत तेलाची मागणी कोसळली तेव्हा परतीच्या विमानांची रांग पुन्हा लागली.

शंभर वर्षांत कंपन्यांची नावे बदलली, देश बदलले, बोटीचे विमान झाले. पायऱ्यांची रचना तीच आहे. किंबहुना एक पायरी वाढली आहे. १९२० च्या फिटरचा करार निदान तेलकंपनीशी होता. आजच्या वेल्डरचा करार ठेकेदाराशी असतो. कंपनीने काम आटोपते घेतले तर ती ‘आम्ही कोणासही काढले नाही’ असे खरेपणाने म्हणू शकते.

आमच्या भागातील वाचकांना हे ऊसतोडीच्या उदाहरणाने लगेच कळेल. कंधार, मुखेड, लोहा या बालाघाटच्या पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जोडपी निघतात. मुकादमाची ‘उचल’ आधीच अंगावर असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आखाताच्या वाटेत पैशाची दिशा उलटी आहे. येथे कामगारच एजंटाला आधी पैसे देतो. परिणाम मात्र एकच. गहाण पडलेली जमीन सोडवावयाची असते, म्हणून पगार कमी दिला तरी, काम दुसरे दिले तरी, माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. साखळी पायात घालणारा परदेशात असतो असे नाही. ती बहुधा गावातच घातली जाते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात स्थलांतरित कामगारांचा स्वतंत्र विचार केला आहे. उत्तम जीवनाच्या शोधात देश सोडण्याचा माणसाला हक्क आहे, परत येण्याचाही आहे. आणि परका म्हणून त्याला त्या समाजातील इतर कामगारांपेक्षा कमी हक्क असता कामा नयेत, असा त्याचा आशय आहे. परत येण्याचा हक्क आणि परत पाठवले जाणे यांत जे अंतर आहे, ते आबादानच्या इतिहासाने आम्हांस समजावले. हक्काने परतणारा माणूस आपली कमाई, आपले कसब आणि आपली मान घेऊन येतो. पाठवलेला माणूस फक्त पेटी घेऊन येतो. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मधल्या पायरीवर उभे असताना खालच्या पायरीवरच्याशी आपण कसे वागलो, याचाही हिशेब आहे. डिसेंबर १९२० मध्ये भारतीय आणि इराणी एकत्र उभे राहिले तेव्हाच पगार वाढला. एरवी दोघांना एकमेकांची भीती दाखवून कंपनीचे काम चालले.

तरुणांनी परदेशी जाऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. दोन एकर हलक्या जमिनीचा सातबारा पुढे ठेवून ज्याला चार माणसे पोसावयाची आहेत, त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण जाणाऱ्याने काही गोष्टी पाहूनच जावे. एजंटाची नोंदणी आहे काय, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत तपासता येते. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा नियमाने ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढीच आहे. दहावी न झालेल्यांना जाण्यापूर्वी सरकारी परवानगी आणि विमा लागतो. ती अडवणूक नसून संरक्षण आहे. कराराची प्रत घरी राहिली पाहिजे. आणि घरच्यांनी पहिल्या वर्षीच्या पगारावर दुमजली घराचा पाया घालू नये. परतीचा दिवस करारात लिहिलेलाच असतो. त्याची तारीख तेवढी लिहिलेली नसते.

त्या दिवशी कंधारच्या त्या ओसरीवर आम्ही सहाही पाने मराठीतून वाचून दाखवली. पाचवे पान दोनदा वाचले. मुलाची आई इतका वेळ दाराआड उभी होती. ती म्हणाली, ‘म्हणजे ते कवाबी घरी धाडू शकतेत, आन् ह्याला यायचं तर पैसे भरावं लागतेत.’ आजीचे वाक्य तिने आपल्या शब्दांत सांगितले होते. चौकशी करता एजंटाची नोंदणी नव्हती. जमीन गहाण पडली नाही. मुलाने चार महिने नांदेडला एका वर्कशॉपमध्ये काम केले, आणि मग नोंदणी असलेल्या एका संस्थेमार्फत, कमी खर्चात, तो गेला. जाताना त्याने कराराची प्रत वडिलांपाशी दिली. वडिलांनी ती सातबाऱ्याबरोबर त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, ‘फादर, परतीच्या भाड्यापुरते पैसे त्यानं पहिल्या दोन पगारांतच बाजूला काढलेत. बाकीचं मग बघू म्हणला.’